शिक्षकांचे शिक्षक : कर्मवीर भाऊराव पाटील

शाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें इमारत, बाकें व फळा उभा राहतो. पण त्या फळ्यापुढें उभा राहणारा शिक्षक कोठें घडतो, याचा विचार क्वचितच कोणी करतो. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांशीं ज्यांचें नातें जडलें, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीं हा विचार केला होता. म्हणून त्यांच्या चरित्रांतील हाच भाग आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजीं कुंभोज येथें एका जैन कुटुंबांत झाला. बालपणाचा कांहीं काळ आज सांगली जिल्ह्यांत असलेल्या विटें गांवीं गेला. शिक्षणासाठीं ते कोल्हापुरास राहिले. परंतु इंग्रजी सहावीच्या पुढें त्यांची मजल गेली नाहीं. मग त्यांनीं साताऱ्यास शिकवण्या केल्या व किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठीं गांवोगांव पायपीट केली. त्या भ्रमंतींत शेतकऱ्यांच्या घरचें अज्ञान व दारिद्र्य त्यांनीं जवळून पाहिलें.

1919 सालीं कऱ्हाडजवळील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. 1924 सालीं साताऱ्यास वसतिगृह निघालें व सर्व जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस जेवूं लागलीं. मुलांच्या अन्नासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही दिलें.

शाळा काढणें सोपें, पण ती चालविणारा जाणता शिक्षक खेड्यांत मिळणें कठीण, हें भाऊरावांनीं ओळखलें. म्हणून 1935 सालीं त्यांनीं साताऱ्यास ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज सुरू केलें. जो खेड्यांत शिकविणार, त्यानें खेड्याच्या राहणीस व अंगमेहनतीस लाजूं नये, असा त्यांचा आग्रह होता. 1937 नंतर मुंबई सरकारनें शाळा नसलेल्या गांवांसाठीं अनुदान देऊन व्हॉलंटरी शाळांची योजना आंखली, तेव्हां संस्थेनें अशा शेंकडों शाळा उघडल्या. शिक्षक तयार करण्याचें काम आधींच हातीं घेतलें होतें, त्याचें मोल तेव्हां कळलें.

परंतु सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यास एक धोका असतोच. 1948 सालीं महात्मा गांधींच्या हत्येनंतर भाऊरावांनीं सभेंत काढलेल्या कडक उद्गारांमुळें सरकारची मर्जी फिरली व संस्थेचें अनुदान बंद झालें. संस्थेपुढें मोठें संकट उभें राहिलें, तरी भाऊराव डगमगले नाहींत. कांहीं काळानें अनुदान पूर्ववत् मिळूं लागलें. पुढें 1955 सालीं माध्यमिक शिक्षकांसाठींही साताऱ्यास आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघालें. 1959 सालीं त्यांना पद्मभूषण व पुणें विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट्. हे मान लाभले आणि त्याच वर्षीं 9 मे रोजीं त्यांचें देहावसान झालें.

सरकारी तिजोरींतील पैसा अखेर रयतेच्याच घामाचा असतो. तो शिक्षकाच्या शिक्षणावर खर्च झाला, तर एका शिक्षकामागें पिढ्यान्‌पिढ्यांचीं मुलें शहाणीं होतात. पालकांनीं शाळेची इमारत पाहावी, पण शिक्षकाची तयारीही विचारावी. आणि आम्हां शिक्षकांनीं प्रमाणपत्र हातीं पडलें म्हणजे आपलें शिकणें संपलें, असें कधींही मानूं नये. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां शिक्षक होईल, त्यानें स्वतः सहावींत थांबूनही हजारोंना पुढें नेणाऱ्या या पुरुषाचें स्मरण ठेवावें.