डोळा गेला, नजर राहिली

मे १९३७. वेल्समधील एका रानात, रात्रीच्या काळोखात, सत्तावीस वर्षांचा एक तरुण छायाचित्रकार उंच बांधलेल्या लपणीकडे चढत होता. जवळच टॉनी जातीच्या घुबडाचे घरटे होते आणि त्यात पिल्ले होती. घुबडाच्या पिसांची रचनाच अशी असते की, त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही. त्यामुळे मादी झेपावली तेव्हा तिची चाहूलही लागली नाही. चेहऱ्यावर जोराचा आघात झाला आणि तिच्या नखीचे टोक थेट डाव्या डोळ्यात रुतले. तरुणाला लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयात हलवण्यात आले. प्रतिजैविके वापरात येण्यापूर्वीचा तो काळ. जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि उजव्या डोळ्यालाही धोका निर्माण झाला. दोन्ही डोळे पणाला लावायचे की एक देऊन दुसरा वाचवायचा, एवढाच प्रश्न उरला होता. डावा डोळा काढावा लागला.

हा तरुण म्हणजे एरिक हॉस्किंग. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ज्यांच्या छायाचित्रांनी जगाला पक्षी कसा पाहावा हे शिकवले, ते पक्षीछायाचित्रणाचे एक आद्य पुरुष. दोन डोळ्यांनी पाहणाऱ्याला जे अंतर आणि जी खोली सहज कळते, ती एका डोळ्याला तितकीशी कळत नाही. छायाचित्रकाराचे सारे काम तर अंतराच्या अंदाजावर चालते. हा माणूस आता दुसरे काही काम शोधील, असेच कुणालाही वाटले असते. हॉस्किंग मात्र बरे होताच पुन्हा रानात गेले आणि घुबडांचीच छायाचित्रे घेऊ लागले. त्या घुबडाबद्दल त्यांनी मनात राग धरला नाही. पिल्लांचे रक्षण करणारी आई आपले काम करत होती. तिच्या घराजवळ आगंतुक म्हणून आपण गेलो होतो, ही जाणीव त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी राहिली.

एरिक हॉस्किंग यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमले नाही आणि शिक्षण लवकरच सुटले. पक्ष्यांचे वेड मात्र लहानपणापासूनचे. साधा पेटीवजा ब्राउनी कॅमेरा हातात आला तेव्हा ते शाळकरी पोर होते. पाखरे आणि घरटी टिपण्याचा नाद त्यांना तेव्हाच लागला. मोटारींच्या व्यवसायातील एका कंपनीत त्यांनी नोकरी धरली, पण मंदीच्या उंबरठ्यावर, १९२९ मध्ये, तीही गेली. त्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील अवाढव्य एलिफंट सील आणि त्याच्याजवळ उभी असलेली एक चिमुरडी, असे त्यांनी घेतलेले छायाचित्र वृत्तपत्रात छापून आले. प्राणी केवढा मोठा आहे, हे शेजारच्या लहानशा मुलीमुळे वाचकाला एका नजरेत कळत होते. चौकटीत काय घ्यायचे, कशाशेजारी काय ठेवायचे, याची उपजत समज त्या पहिल्याच चित्रात दिसते. बेकार तरुणाला त्यातून व्यवसाय सापडला.

केवळ पक्ष्यांची छायाचित्रे काढून पोट भरेल, ही कल्पना त्या काळी वेडगळ ठरावी अशीच होती. रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेऊन या क्षेत्राची वाट उघडली होती, पण ती वाट अजून पायवाटच होती. हॉस्किंग यांनी व्याख्याने, पुस्तके आणि नियतकालिके यांच्या आधाराने तिचा रस्ता केला. १९३९ मध्ये डोरोथी त्यांच्या आयुष्यात पत्नी म्हणून आल्या आणि पुढे व्यवसायाचीही मोठी बाजू त्यांनीच सांभाळली.

आजच्या वाचकाला त्या काळच्या कॅमेऱ्याची कल्पना येणे कठीण. लाकडी देहाचा, भात्याचा, तिकाटण्यावर उभा राहणारा तो कॅमेरा. त्यात फिल्म नसे, काचेच्या पट्ट्या असत. क्वार्टर प्लेट म्हणून ओळखली जाणारी पट्टी सव्वाचार इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद. एका पट्टीवर एकच चित्र. ते घेतले की पट्टी बदलायची, शटर पुन्हा तयार करायचे. तेवढ्यात पाखरू उडून गेलेले असायचे. शिवाय पट्टी बसवल्यावर मागच्या काचेतून काही दिसतही नसे. म्हणजे चौकट आधी आखायची, पक्षी जिथे येऊन बसेल ती फांदी हेरून तिच्यावर नेमका फोकस साधायचा आणि मग तासन् तास थांबायचे. चित्राची रचना पक्षी येण्यापूर्वीच पूर्ण झालेली असे. पक्षी येऊन ती भरत असे.

ही थांबण्याची जागा म्हणजे कापडी लपण. तिचे तंत्र हॉस्किंग यांनी कमालीच्या शिस्तीने पाळले. लपण घरट्याजवळ एकदम उभी करायची नाही. आधी दूर उभारायची, पक्ष्याने ती मान्य केली की काही दिवसांत थोडी थोडी पुढे सरकवायची. आत शिरताना सोबत एक माणूस न्यायचा आणि छायाचित्रकाराला आत ठेवून त्याने एकट्याने परत जायचे. पक्ष्यांच्या हा हिशेब सहसा लक्षात येत नाही. माणूस गेला, असे समजून ते घरट्यावर परततात. चित्रात आडवी येणारी काटकी तोडायची नाही, दोऱ्याने हलकेच बाजूला बांधायची आणि काम झाले की सोडून द्यायची. कारण तीच काटकी उन्हापासून आणि शत्रूपासून पिल्लांचा आडोसा असते. आज संगणकावर नको असलेली फांदी क्षणात पुसता येते. तेव्हा प्रत्येक फांदीमागे एका जिवाचा हिशेब असे.

रानातली ही चौकट म्हणजे निम्मेच काम. उरलेले निम्मे अंधाऱ्या खोलीत व्हायचे. लाजऱ्या पक्ष्याच्या फार जवळ जाता येत नाही, म्हणून पट्टीवर तो लहान उमटतो. मोठी प्रत काढताना भोवतालचा नको असलेला भाग वगळायचा, म्हणजे चित्र कातरायचे. हे कातरणे दिसते सोपे, पण चित्र तगते वा मरते ते तिथेच. पक्षी ज्या दिशेला पाहतो आहे त्या बाजूला मोकळी जागा ठेवली नाही, तर तो भिंतीवर चोच आपटतोय असे वाटते. शेपटीचे टोक कडेला चिकटले की डोळा तिथेच अडकतो. फार जवळून कातरले तर पक्षी उरतो, पण त्याचे रान हरवते. तो दलदलीतला की माळावरचा, हेही कळत नाही. हॉस्किंग यांच्या चित्रांत बोरू, खडक, खपली निघालेले खोड ही सगळी पक्ष्याइतकीच बोलकी असतात. पक्षी ओळखण्यापुरता मोठा आणि त्याचे घर कळण्यापुरता लहान, हा तोल त्यांनी सांभाळला. सिरिल न्यूबेरी यांच्यासह लिहिलेले ‘द आर्ट ऑफ बर्ड फोटोग्राफी’ हे त्यांचे पुस्तक १९४४ मध्ये, ऐन युद्धकाळात आले आणि कित्येक हौशी छायाचित्रकारांचे ते पाठ्यपुस्तक ठरले.

युद्ध संपले आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश हाती आला. सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता चमकणारा हा प्रकाश पंखाची फडफडही गोठवू शकत होता. ब्रिटनमध्ये पक्ष्यांसाठी तो वापरणाऱ्या पहिल्या काही जणांत हॉस्किंग होते. पण मनुष्याचे बोट तेवढे चपळ कुठे असते? पक्षी दिसला, मेंदूला कळले आणि बोट दाबले, तोवर पक्षी चौकटीबाहेर गेलेला असतो. फिलिप हेन्री या मित्राच्या साहाय्याने त्यांनी प्रकाशकिरणाची युक्ती योजली. पक्ष्याने उडताना किरण छेदला की शटर आपोआप सुटे. छायाचित्र पक्षी स्वतःच काढी. मात्र किरण कुठून न्यायचा आणि पक्षी चौकटीत नेमका कुठे असायला हवा, हे आधी माणसाला ठरवावे लागे.

१९४८ मध्ये घेतलेले गव्हाणी घुबडाचे चित्र ही त्या काळातली त्यांची सर्वांत गाजलेली कृती. चोचीत उंदरासारखा व्होल धरलेले, दोन्ही पंख वर उभारलेले आणि समोर रोखून पाहणारे पांढरे घुबड. राजघराण्यांच्या मानचिन्हांवर जशी पाखरे कोरलेली असतात तशी ही मुद्रा, म्हणून ते चित्र त्याच अर्थाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. विषय चौकटीच्या मधोमध नसावा, असे रचनेचे धडे देणारे सांगतात. इथे मात्र दोन्ही पंखांचा समतोल असा साधला आहे की, घुबडाला जरा इकडेतिकडे सरकवले तर सारा दिमाख ओसरेल. नियम कुठे मोडायचा हे ज्याला कळते, त्यालाच नियम खरा कळलेला असतो. आणि ज्या गणातील पाखराने डोळा नेला, त्याच गणातील पाखराने कीर्ती द्यावी, हा योगही विलक्षणच.

१९४५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘न्यू नॅचरलिस्ट’ या नामवंत ग्रंथमालेच्या संपादक मंडळावर ज्युलियन हक्सले, जेम्स फिशर यांच्यासारख्या विद्वानांच्या पंक्तीला छायाचित्रांचे संपादक म्हणून हॉस्किंग बसले. १९५६ आणि १९५७ मध्ये गाय माउंटफर्ट यांच्या मोहिमांबरोबर ते स्पेनमधील कोटो दोन्याना या पाणथळ प्रदेशात गेले. १९६३ मध्ये जॉर्डनच्या वाळवंटात गेले. या मोहिमांतून आलेल्या पुस्तकांनी आणि चित्रांनी त्या प्रदेशांचे मोल जगापुढे आले. दोन्याना १९६९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्यामागे अनेकांचे कष्ट होते. त्यांत लपणीत बसलेल्या या छायाचित्रकाराचाही वाटा होता. १९७० मध्ये त्यांचे आत्मचरित्र ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ प्रकाशित झाले. पाखरासाठी दिलेला डोळा आणि पाखरू पाहणारी नजर, असे दोन्ही अर्थ त्या शीर्षकात सामावले आहेत. १९७७ मध्ये त्यांना ‘ओबीई’ हा किताब मिळाला. २२ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर काचेची पट्टी गेली, फिल्म गेली. आता सेकंदाला वीस-वीस चित्रे घेणारे कॅमेरे सुटीच्या दिवशी ठाण्याच्या खाडीपासून भिगवणच्या जलाशयापर्यंत हारीने उभे दिसतात. कातरण्याचे काम बोटाच्या एका हालचालीवर आले. पण गणित बदललेले नाही. चोवीस मेगापिक्सेलचे चित्र लांबी-रुंदीत निम्मे कातरले, तर हाती सहाच मेगापिक्सेल उरतात. ते टाळण्यासाठी आणखी चार पावले पुढे जाण्याचा मोह होतो आणि नेमकी ती चार पावलेच घरट्यावरच्या आईला उठवतात. हॉस्किंग यांची बरीच चित्रे घरट्याजवळचीच होती. तेव्हा पक्ष्यांचे जीवन लोकांना दाखवण्याचा तोच मार्ग होता. आज लांब पल्ल्याची भिंगे आहेत, छायाचित्रकारांची गर्दी आहे आणि घरटी कमी होत आहेत. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्याजवळ परवान्याशिवाय जाऊन त्यांना त्रास देणे हा गुन्हा ठरवला. आपल्याकडेही जाणते पक्षीमित्र घरट्याचे चित्र टाळतात.

घुबडाने एक डोळा नेला तेव्हा हॉस्किंग यांनी घरट्यापासूनच्या अंतराची किंमत मोजली होती. त्यानंतरचे सारे आयुष्य ते हे अंतर राखायला शिकत आणि शिकवत राहिले. चित्राची कड कुठे असावी, हे अंधाऱ्या खोलीत ठरवता येते. आपण कुठे थांबावे, हे मात्र रानातच ठरवावे लागते.