शत्रूंस कबरेचा मान देणारा राजा

दक्षिण आफ्रिकेंतील बासोथो लोकांचा राजा मोश्वेश्वे याचा जन्म १७८६ च्या सुमारास झाला. त्याचें पहिलें नांव लेपोको. त्या लोकांत मुलगा वयांत आला म्हणजे त्यास गांवाबाहेर ठेवून सुंता करीत, रीतिभाती शिकवीत व नवें नांव देत. त्या वेळीं यास लेत्लामा, म्हणजे बांधणारा, हें नांव मिळालें.

१८२० नंतर त्या प्रांतांत टोळ्याटोळ्यांमध्यें घोर कत्तली झाल्या. गुरें गेलीं, शेतें ओस पडलीं, आणि उपासमारीनें कित्येक माणसें माणसांस खाऊं लागलीं. १८२४ सालीं मोश्वेश्वे आपल्या लोकांस घेऊन थाबा बोसिऊ डोंगराकडे जात असतां त्याचा वृद्ध आजा पेएते मागें राहिला. त्यास नरभक्षकांनीं धरून खाल्लें. पुढें ते हातीं लागले, तेव्हां लोक सूड मागूं लागले. परंतु आज्याची कबर यांच्या पोटांत आहे, ती मोडूं नये, असें राजानें ठरविलें. कबर शुद्ध करण्याचा विधि त्यांच्या अंगावर करवून त्यानें त्यांस जीवदान दिलें. १८३१ सालीं मझिलिकाझीचें सैन्य हरून उपाशी परतूं लागलें, तेव्हां त्यासहि त्यानें वाटेसाठीं गुरें पाठविलीं.

१८३३ सालीं फ्रेंच मिशनरी आले. त्यांस त्यानें आश्रय दिला. ता. ११ मार्च १८७० रोजीं, बाप्तिस्मा होण्यापूर्वींच, तो मरण पावला. विखुरलेल्या टोळ्यांचें त्यानें बांधलेलें राष्ट्र आज लेसोथो या नांवानें स्वतंत्र आहे.

वाचकहो, सूड हातीं असतां ज्यानें तो सोडला, त्याचें नांव सार्थ झालें. आपल्या गांवांत जुनें वैर असेल, तर बांधणारा कोण होईल?