बाबासाहेबांनी पुरुषांवर टाकलेली जबाबदारी

आपल्या जालना जिल्ह्यात जयंती मंडळात राबणाऱ्या तरुणांची कमतरता नाही. पण गावात शाळकरी मुलीचे लग्न ठरले, किंवा लागोपाठच्या बाळंतपणांनी सून खंगली, की तो बायकांचा विषय म्हणून हेच तरुण बाजूला सरकतात. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विषय कधीच बायकांवर सोडला नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे रामजी आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य. ते लहान असतानाच आई गेली. कोवळ्या वयात त्यांचेही लग्न झाले आणि नऊ-दहा वर्षांची रमाई सासरी आली. या जोडप्याची चार लेकरे दगावली. वाचला तो एकटा यशवंत. १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेब पार खचले होते. २७ मे १९३५ रोजी आजारी रमाईही गेल्या.

घरातले हे दुःख सोसत असतानाच ते पुरुषांनी भरलेल्या सभागृहांत बाईच्या आरोग्यावर बोलत राहिले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्याचा फायदा इथल्या मजूर बाईला मिळाला नाही.

१९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. समाजात बदनाम झालेल्या या माणसाचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लोकांना प्रश्न पडतात, तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरीही १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांनी विधानसभेत आणला. त्यांचे भाषण त्यांच्या वतीने सहकारी रोहम यांनी मांडले. ठराव फेटाळला गेला.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मुलींना लग्नाची घाई न करण्याचा, फार मुले होऊ न देण्याचा आणि नवऱ्याशी बरोबरीच्या नात्याने वागण्याचा सल्ला दिला. पुढे मुलीला वारसा आणि पत्नीला घटस्फोटाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल अडवले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेताना डॉक्टर असलेल्या पत्नी सविता त्यांच्या सोबतीने उभ्या होत्या. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

न्यायालय, विधिमंडळ, मंत्रिमंडळ, दीक्षाभूमी अशा प्रत्येक ठिकाणी हे काम त्यांनी पुरुष म्हणून स्वतःच्या अंगावर घेतले. काही लढाया ते हरले, पण मागे हटले नाहीत.

मित्रांनो, आज आपल्याला कोणी तुरुंगात टाकणार नाही, मंत्रिपदही सोडावे लागणार नाही. पत्नीच्या तपासणीला दवाखान्यात सोबत जायचे आहे. पुरुष नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, हे समजून घेऊन तिची लाज सोडायची आहे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीच्या लग्नाला नकार द्यायचा आहे, मग मंडप आपल्याच भावकीचा का असेना. विहारातल्या बैठकीत बहिणींना सतरंजीवर मागे न बसवता निर्णयात घ्यायचे आहे. एवढे केले तरच जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालण्याचा हक्क आपल्याला आहे.

जय भीम!