गेमिंग माऊस निवडताना डोकं गरगरतंय? माऊस बनवणाऱ्या माणसानं ही परीक्षा ६० वर्षांपूर्वीच घेतली होती

गेमिंगसाठी नवा माऊस घ्यायचा म्हणून शॉपिंग ॲप उघडलं की पहिल्या दहा मिनिटांत डोक्याचा भुगा होतो. एकाचा डीपीआय २६ हजार, दुसऱ्याचं वजन फक्त ६० ग्रॅम, तिसऱ्याच्या अंगावर गणपतीच्या डेकोरेशनसारखी लायटिंग. एकाला तर नुसत्या अंगठ्यासाठी बारा बटणं. आपलं बजेट असतं दोन हजारांचं आणि प्रश्न एकच, यातला नेमका घ्यायचा कुठला?

अमेरिकेतल्या एका माणसाला साधारण ६० वर्षांपूर्वी असाच प्रश्न पडला होता. तेव्हा माऊस नावाची वस्तू बाजारात नव्हतीच. स्क्रीनवरच्या एखाद्या ठिकाणी पटकन आणि अचूक पोहोचायचं तर हातात काय असावं, हे ठरवायला त्यानं आणि त्याच्या टीमनं चक्क स्पर्धा लावली. त्या स्पर्धेत एक लाकडी ठोकळा होता. त्यालाच आज आपण माऊस म्हणतो.

त्या माणसाचं नाव डग्लस एंगेलबार्ट. त्याचा माऊस जगभर गेला, पण ज्या स्वप्नासाठी त्यानं तो बनवला होता ते स्वप्न मात्र मागे पडलं.

डगचा जन्म ३० जानेवारी १९२५ चा, ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडचा. पोरगं नऊ वर्षांचं असताना वडील गेले. काळ महामंदीचा होता. पुढं डग ओरेगॉन स्टेट कॉलेजात इंजिनिअरिंगला गेला, पण दुसरं महायुद्ध सुरू होतं. शिक्षण अर्ध्यात सोडून त्याला नौदलात जावं लागलं.

नौदलात त्याला रडार टेक्निशियन बनवलं आणि फिलिपिन्सला पाठवलं. तिथं लेयटे बेटावर रेडक्रॉसची एक छोटी लायब्ररी होती, खांबांवर उभारलेल्या झोपडीत. त्या झोपडीत डगच्या हाताला व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाचा एक लेख लागला. माणसाकडं माहितीचा डोंगर साचतोय, तो हाताळायला वेगळ्या यंत्रांची गरज आहे, असा त्याचा विषय होता. विशीतल्या पोरानं लेख वाचला आणि तो डोक्यात कुठंतरी साठवून ठेवला.

युद्ध संपलं. डगनं १९४८ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्रात नोकरी धरली. १९५० च्या डिसेंबरात साखरपुडाही झाला. नोकरी, छोकरी, सगळं सेट.

आणि नेमकं तेव्हाच या गड्याला प्रश्न पडला की आता पुढं काय?

आपल्याकडं अशा वेळी लोक फ्लॅट बघायला जातात. डगनं मात्र उरलेल्या आयुष्याचा हिशोब मांडला. जगाचे प्रश्न दिवसेंदिवस गुंतागुंतीचे होतायत, मग माणसांची एकत्र मिळून ते सोडवायची ताकद वाढवता आली तर? रडारच्या पडद्यावर सिग्नल दिसतात, हे त्यानं नौदलात पाहिलं होतं. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं, नकाशे, विचार का दिसू नयेत?

त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर मशीन, ज्याला भोकं पाडलेली कार्डं भरवायची आणि उत्तराची वाट बघायची. पडद्यासमोर बसून कॉम्प्युटर वापरायचा, ही गोष्ट लोकांना वेडेपणाची वाटायची. एंगेलबार्ट यांनी नोकरी सोडून बर्कलीला प्रवेश घेतला, १९५५ मध्ये पीएचडी पूर्ण केली आणि १९५७ मध्ये मेनलो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले.

१९६२ मध्ये त्यांनी एक मोठा रिपोर्ट लिहिला. त्यात एक भन्नाट प्रयोग होता. पेन्सिलीला वीट बांधायची आणि लिहायला लावायचं. लिहायचा वेग पार कोसळतो. त्यांचा मुद्दा असा होता की माणूस तोच, मेंदू तोच, पण हातातलं अवजार बदललं की त्याचं कामही बदलतं.

गेमिंग माऊसच्या वजनावरून आज जी भांडणं होतात, त्यांचं मूळ या विटेत आहे. नेमबाजीच्या गेममध्ये माऊस सतत झटक्यानं हलवायचा आणि थांबवायचा असतो. जड माऊस हलवायला जोर लागतो आणि थांबवायलाही. म्हणून तिथं हलका माऊस चालतो. स्ट्रॅटेजी गेम निवांत खेळणाऱ्याला चार ग्रॅम इकडंतिकडं झाले तरी काही फरक पडत नाही.

आता येऊ त्या लाकडी ठोकळ्याकडं.

१९६१ च्या सुमारास एंगेलबार्ट एका कॉन्फरन्सला बसले होते. तिथं त्यांना प्लॅनिमीटर आठवला. नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायला इंजिनिअर लोक वापरतात ते उपकरण, ज्यात चाक किती फिरलं यावरून माप निघतं. मग एकमेकांना काटकोनात दोन चाकं लावली तर? एक चाक आडवी हालचाल मोजेल, दुसरं उभी. त्यांनी वहीत नोंद करून ठेवली.

त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ पर्यंत ती वस्तू बनवून दाखवली. लाकडाचा ठोकळा, खाली धातूची दोन चाकं, वर एकच बटण आणि शेपटीसारखी वायर. त्या शेपटीवरूनच माऊस हे नाव पडलं. ते पहिल्यांदा कुणी उच्चारलं, हे नंतर टीममध्येच कुणाला आठवेना.

पण एंगेलबार्ट आपल्याच शोधाच्या प्रेमात पडून बसले नाहीत. नासाकडून पैसे मिळाले होते, त्यातून त्यांच्या टीमनं सगळे पर्याय एका टेबलावर आणले. थेट स्क्रीनला लावायचं लाइट पेन होतं, जॉयस्टिक होती, टेबलाखाली गुडघ्यानं चालवायचं एक यंत्रही होतं. यात माऊसही उतरवला. माणसानं कीबोर्डवरची स्पेसबार दाबायची, मग हात उपकरणाकडं न्यायचा आणि स्क्रीनवरचं लक्ष्य पकडायचं. किती वेळ लागला आणि किती चुका झाल्या, हे मोजायचं.

निकाल मजेशीर होता. नवख्या लोकांच्या हातात लाइट पेन आणि गुडघ्याचं यंत्र जास्त वेगवान ठरलं. पण ज्यांचा सराव झाला होता, त्यांच्या हातात माऊस सगळ्यात वेगवान आणि अचूक निघाला.

गेमिंग माऊस घेणाऱ्यानं हा निकाल पाठ करावा. दुकानात दोन मिनिटं हातात धरून जो भारी वाटतो, तोच महिनाभरानं भारी खेळेल असं नाही. हात बसायला वेळ द्यावा लागतो.

पुढं माऊसला तीन बटणं आली. तीनच का, तर आत तेवढीच बसत होती. या माणसाला बटणांचं वावडं अजिबात नव्हतं. उलट डाव्या हातासाठी त्यांनी पाच कळांचं वेगळं कीसेट बनवलं होतं. हार्मोनियमवर सूर धरावेत तशा एकावेळी अनेक कळा दाबायच्या आणि अक्षर उमटवायचं. पाच कळांमध्ये ३१ जोड्या बसतात. उजवा हात माऊसवर, डावा कीसेटवर, नजर स्क्रीनवर. मान खाली घालायची गरजच नाही.

९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्युटरवाल्यांचं मोठं संमेलन भरलं होतं. समोर साधारण हजार लोक. एंगेलबार्ट कानाला हेडसेट लावून स्टेजवर बसले आणि पुढची ९० मिनिटं त्यांनी जे दाखवलं ते बघून लोक चाट पडले. माऊस होता, लिंकवर क्लिक करून दुसरीकडं जाणं होतं, स्क्रीनवर मजकूर लिहिणं आणि हलवणं होतं. एवढंच काय, ४०-५० किलोमीटरवरच्या मेनलो पार्कमधल्या सहकाऱ्यांचे चेहरे स्क्रीनवर लाइव्ह दिसत होते आणि दोघं मिळून एकाच मजकुरावर काम करत होते. १९६८ मध्ये! शेवटी लोक उठून उभे राहिले. पुढं या कार्यक्रमाला सगळ्या डेमोंची आई असं नाव पडलं.

पुढच्याच वर्षी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून पहिला मेसेज गेला, तो एंगेलबार्ट यांच्याच लॅबला.

इतकं सगळं झाल्यावर माणूस अब्जाधीश व्हायला हवा होता. पण गोष्ट इथंच फिरली.

माऊसचं पेटंट १७ नोव्हेंबर १९७० ला मिळालं, पण मालकी संस्थेची होती. पुढं ॲपलला त्याचं लायसन्स साधारण ४० हजार डॉलर्समध्ये दिलं गेलं, असं सांगतात. एंगेलबार्ट यांना रॉयल्टीचा एक पैसाही मिळाला नाही. १९८७ मध्ये पेटंटची मुदतच संपली, म्हणजे माऊस घरोघरी पोहोचायच्या आधीच.

पैशापेक्षा मोठा घाव वेगळा होता. एंगेलबार्ट यांचं म्हणणं होतं की चांगलं अवजार शिकायला कष्ट पडले तरी चालतील. तीनचाकी सायकल कुणीही पहिल्या दिवशी चालवतो, पण लांब जायचं तर दोनचाकीच लागते आणि ती शिकताना गुडघे फुटतातच. बाजाराला मात्र तीनचाकी हवी होती. पहिल्या दिवशी जमेल, मॅन्युअल वाचावं लागणार नाही, असं काहीतरी.

बिल इंग्लिश १९७१ मध्ये झेरॉक्सच्या पार्क लॅबला गेले. तिथं चाकांच्या जागी गोळी असलेला माऊस तयार झाला. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ज्याच्या पोटातली गोळी काढून आपण कचरा साफ करायचो, त्याच जातीचा. लॅबमधले इतरही लोक तिकडं गेले. पुढं ॲपलनं १९८४ मध्ये मॅकिंटॉश आणला, तोही एकाच बटणाच्या माऊससह. पाच कळांचं कीसेट कुणी विचारलंच नाही.

इकडं सरकारी पैसा आटला. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांची सिस्टीम टाइमशेअर कंपनीला विकली गेली, ती कंपनी पुढं मॅकडॉनेल डग्लसनं घेतली. विमानं बनवणाऱ्या त्या कंपनीत एंगेलबार्ट यांच्या कल्पनांत कुणाला फारसा रस नव्हता. १९८६ मध्ये ते बाहेर पडले.

दोन वर्षांनी मुलगी ख्रिस्टिनासोबत त्यांनी स्वतःची छोटी संस्था सुरू केली. तिला भाडं न घेता जागा दिली ती लॉजिटेकनं. आज गेमिंग माऊस शोधताना हमखास समोर येणारी हीच ती कंपनी. ज्याच्या शोधावर कंपनी उभी राहिली, त्याला तिनं निदान बसायला एक ऑफिस दिलं.

मानसन्मान उशिरा आले. १९९७ मध्ये कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार आणि त्याच वर्षी पाच लाख डॉलर्सचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार. २००० मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक. २ जुलै २०१३ ला कॅलिफोर्नियात वयाच्या ८८ व्या वर्षी ते गेले.

आता मूळ प्रश्न. माऊस कुठला घ्यायचा?

डीपीआयच्या मोठ्या आकड्यानं दबून जाऊ नका. एंगेलबार्ट यांच्या चाकांचं काम आज सेन्सर करतो. माऊस एक इंच हलवला की तो किती पावलं मोजतो, तो डीपीआय. तो वाढवला की पॉइंटर जास्त पळतो, नेम सुधारत नाही. नेमबाजीचे गेम खेळणारे बरेचसे प्रोफेशनल खेळाडू ४०० ते १६०० मध्येच खेळतात. पोलिंग रेट १००० असेल तर माऊस सेकंदाला हजार वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला खबर देतो. बहुतेकांना तेवढं पुरतं.

आकार मात्र हात बघून ठरवा. अख्खा तळवा टेकवता, बोटं नख्यांसारखी वाकवता की नुसत्या बोटांच्या टोकांनी धरता, त्यावर सगळं आहे. ढीगभर स्किल असलेले ऑनलाइन गेम खेळत असाल तर बाजूची बटणं कामाची, नाहीतर दोन पुरे.

आणि शक्य असेल तर एंगेलबार्ट यांचीच परीक्षा घ्या. मित्रांचे दोन-तीन माऊस गोळा करा, एखाद्या एम ट्रेनरवर तीच लक्ष्यं मारा, वेळ आणि चुका लिहून ठेवा. एका दिवसात निकाल लावू नका, आठ-दहा दिवस सराव करून पुन्हा मोजा. जो आकड्यांत जिंकेल तो तुमचा.

जगानं तीनचाकी निवडली, असं एंगेलबार्ट यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. पण एकाच मॅपवर शेकडो तास घालवून हात बसवणारी गेमर पोरं बघा. डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी वर, उजवा माऊसवर, नजर स्क्रीनवर, मान खाली नाही. १९६८ मध्ये तो माणूस स्टेजवर असाच बसला होता.