लेडी अ‍ॅडा लव्हलेस

इंग्रजी काव्याच्या वाचकांस लॉर्ड बायरन हें नांव परिचित आहे. त्यांची कन्या अ‍ॅडा हिचें नांव मात्र आज काव्याऐवजीं संगणकशास्त्रांत घेतलें जातें.

तिचा जन्म लंडन येथें १० डिसेंबर १८१५ रोजीं झाला. महिन्याभरांतच मातापितरें विभक्त झालीं, आणि १८१६ सालीं देश सोडून गेलेल्या पित्याचें दर्शन तिला पुन्हा घडलें नाहीं. पित्याचा चंचल स्वभाव मुलींत उतरूं नये म्हणून मातेनें तिला बालपणापासून गणित शिकविलें. हेतु कांहींहि असो, घरीं संपत्ति होती म्हणूनच हें शक्य झालें. गरिबाच्या मुलीस असे गुरु कोठून मिळणार? १८२९ सालीं गोंवरानें तिचे पाय लुळे पडले व पुढें बराच काळ कुबड्या घ्याव्या लागल्या. तरी अभ्यास सुटला नाहीं.

त्या काळीं इंग्लंडांतील एकाहि विद्यापीठांत स्त्रियांस पदवी मिळत नसे. लंडन विद्यापीठानें ती १८७८ सालीं देऊं केली. केंब्रिजनें तर १९४८ साल उजाडूं दिलें. अ‍ॅडाच्या मार्गदर्शक मेरी सॉमरव्हिल या रात्रीं यूक्लिड वाचीत बसत, म्हणून बालपणीं घरच्यांनीं त्यांच्या मेणबत्त्या काढून घेतल्या होत्या! दुसरे गुरु ऑगस्टस डी मॉर्गन. यांचा जन्म आपल्या देशांतील मदुरेचा. शिष्येची बुद्धि असामान्य असल्याचें त्यांनीं तिच्या मातेस कळविलें, पण त्याच पत्रांत स्त्रीच्या देहास इतकें चिंतन झेपेल कीं नाहीं, अशी शंकाहि प्रकट केली. गणित मुलांचें व स्वयंपाक मुलींचा अशी वांटणी करणाऱ्या पालकांनीं येथें क्षणभर थांबावें.

१८३३ सालीं तिची चार्ल्स बॅबेज यांच्याशीं ओळख झाली. त्यांनीं पुढें योजिलेलें यंत्र छिद्रें पाडलेल्या पत्त्यांच्या आज्ञेनें गणित करणार होतें. रेशमी कापडावर नक्षी विणणाऱ्या मागांतहि असेच पत्ते असत. मेनाब्रेआ या इटालियन गृहस्थानें त्यावर लिहिलेल्या फ्रेंच निबंधाचें तिनें भाषांतर केलें. तें १८४३ सालीं प्रसिद्ध झालें. तिनें जोडलेल्या टीपा मूळ निबंधाच्या सुमारें तिप्पट होत्या. शेवटच्या टीपेंत बर्नुलीच्या संख्या यंत्रानें क्रमाक्रमानें कशा काढाव्या याचें कोष्टक आहे. त्यांत बॅबेज यांचा वाटा किती, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण नियम घालून दिल्यास हें यंत्र अंकांप्रमाणें संगीतहि रचूं शकेल, ही दृष्टि तिची. टीपांखालीं पूर्ण नांव नव्हतें, केवळ तीन आद्याक्षरें होतीं.

यंत्र कधींच पूर्ण झालें नाहीं. २७ नोव्हेंबर १८५२ रोजीं, वयाच्या ३६ व्या वर्षीं, कर्करोगानें तिचें निधन झालें. तिच्या इच्छेप्रमाणें, बालपणींच दुरावलेल्या पित्याशेजारीं तिला पुरण्यांत आलें. १९८० सालीं अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें एका संगणकभाषेचें प्रमाण ठरविलें. त्या भाषेचें नांव अ‍ॅडा, आणि प्रमाणाचा क्रमांक १८१५.