कानाच्या रिपोर्टमधला 'बी' : अलेक्झांडर ग्रॅहम बेल

कानाची तपासणी झाली की हातात एक आलेख मिळतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. पीटीए म्हणजे प्युअर टोन ऑडिओमेट्री. उभ्या अक्षावर 'डीबी एचएल' असतं. त्यातलं एचएल म्हणजे हिअरिंग लेव्हल आणि डीबी म्हणजे डेसिबल. इंग्रजीत यातला डी लहान आणि बी मोठा लिहितात, कारण तो बी एका माणसाच्या आडनावातून आलाय.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. आई एलायझा यांना ऐकायला कमी यायचं. मुलगा त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलायचा, बोटांची अक्षरंही वापरायचा. वडील उच्चार शिकवायचे. आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने लावलेली आहे, तर त्यांनी तयार केलेल्या 'व्हिजिबल स्पीच' लिपीत चिन्हाचा आकारच जिभेची आणि ओठांची स्थिती दाखवायचा.

दोन भाऊ क्षयाने गेले आणि १८७० मध्ये हे कुटुंब कॅनडाला गेलं. पुढच्याच वर्षी बेल अमेरिकेत बोस्टनला कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवू लागले. आवाज डोळ्यांना दिसला तर मुलांना तो शिकता येईल, असा त्यांचा विचार होता. म्हणून १८७४ मध्ये त्यांनी कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांच्या मदतीने एका मृत माणसाचा कान मिळवला. त्यातल्या हाडाला गवताची काडी जोडली. कानाशी बोललं की पडदा थरथरायचा आणि काडी काजळी धरलेल्या काचेवर रेषा काढायची. एवढासा पडदा हाडं हलवतो, मग मोठा पडदा लोखंडाची पट्टी का हलवणार नाही? टेलिफोनच्या कल्पनेला इथून बळ मिळालं. ७ मार्च १८७६ ला त्याचं पेटंट मिळालं.

१८७७ मध्ये त्यांनी मेबल हबर्ड यांच्याशी लग्न केलं. लहानपणी स्कार्लेट फिव्हरमुळे मेबल यांची श्रवणशक्ती गेली होती. म्हणजे ज्या यंत्राने बेल जगभर गाजले, ते त्यांच्या पत्नीलाच वापरता येत नव्हतं.

यापुढचा भाग मात्र कौतुकाचा नाही. कर्णबधिर मुलांनी हातांच्या खुणा सोडून ओठ वाचावेत आणि तोंडानेच बोलावं, असा बेल यांचा आग्रह होता. १८८३ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी कर्णबधिरांच्या आपसातल्या लग्नांबद्दल धोक्याचा इशारा दिला. त्यांच्या वेगळ्या निवासी शाळा, खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक या तिन्ही गोष्टींना त्यांचा विरोध होता. १८८० च्या मिलान परिषदेनेही शिक्षणातून खुणांची भाषा वगळण्याचा ठराव केला होता. बेल यांच्यासारख्या वजनदार माणसामुळे अमेरिकेत या मताला जोर मिळाला आणि पुढे अनेक पिढ्यांतल्या मुलांना वर्गात आपली भाषा वापरू दिली गेली नाही. मिलानच्या ठरावाबद्दल अधिकृत खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं.

२ ऑगस्ट १९२२ ला बेल गेले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. त्याच दशकात, टेलिफोनच्या तारेतून जाताना सिग्नल किती क्षीण होतो हे मोजायच्या एककाला त्यांचं नाव मिळालं. एक बेल म्हणजे दहापट शक्ती, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. हे प्रमाण लॉगरिदमिक असल्यामुळे २० आणि ४० डीबीमध्ये दुप्पट नाही, तर शंभरपट फरक असतो.

तारेसाठी बनलेलं माप नंतर कानालाही लागू झालं. ऑडिओग्रामवर ६० डीबीला खूण असेल, तर त्या सुरासाठी तेवढा मोठा आवाज लागतो, इतकंच तो आलेख सांगतो. त्या मुलाने मशीन लावावं, बोलावं की खुणांची भाषा शिकावी, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. बेल यांनी त्याचं उत्तर सगळ्यांसाठी एकच धरलं होतं. आपण मात्र ते प्रत्येक मुलाकडे बघून ठरवू शकतो, आणि एकापेक्षा जास्त वाटा एकत्रही चालतात.