संगणकाला वाचायला शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

कोपरगावच्या संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालयातून संगणकाची पदवी घेऊन पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीत दाखल होणाऱ्या तरुणाच्या वाट्याला नवीकोरी आज्ञावली लिहिण्याचे काम येईलच, असे नाही. कधी त्याच्यासमोर येते ती परदेशातील एखाद्या बँकेची वा विमा कंपनीची, त्याच्या जन्माआधी कोबोल भाषेत लिहिलेली लाखो ओळींची आज्ञावली. लिहिणारे केव्हाच निवृत्त झालेले, सोबतचे टिपण हरवलेले किंवा मुळात कधी लिहिलेच न गेलेले. आज्ञावली मात्र रोज रात्री बिनबोभाट चालत असते. अशा वेळी ती वाचून तिचा नकाशा काढून देणारी सॉफ्टवेअर साधने त्याच्या मदतीला येतात. कोबोलच्या जन्माशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या ग्रेस हॉपर यांच्या आयुष्यात या प्रश्नाची दोन्ही टोके सापडतात. आज्ञावली माणसाला वाचता यावी, हा त्यांचा ध्यास होता आणि तिच्यावर यंत्रानेच संस्कार करावेत, ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांतही त्या अग्रभागी होत्या.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. सात वर्षांच्या असताना त्यांनी घरातील गजराचे घड्याळ आत काय असते ते पाहण्यासाठी उघडले. ते पुन्हा जुळेना म्हणून दुसरे उघडले आणि असे करता करता सात घड्याळे खोलून झाली. आईने पुढे त्यांना एकाच घड्याळाची परवानगी ठेवली. मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळावे, असा वडिलांचा आग्रह होता. व्हॅसर महाविद्यालयातून १९२८ मध्ये पदवी आणि येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाला. तो १९४५ मध्ये संपुष्टात आला, पण आडनाव कायम राहिले.

व्हॅसरमध्ये गणित शिकवत त्या सुखाने राहू शकल्या असत्या. दुसऱ्या महायुद्धाने ते चित्र बदलले. नौदलासाठी त्यांचे वय जास्त आणि वजन आवश्यकतेपेक्षा सुमारे सात किलोने कमी होते. विशेष सवलत मिळवून १९४३ च्या अखेरीस त्या राखीव दलात दाखल झाल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली झाली. तेथे मार्क-१ हे ५१ फूट लांबीचे गणनयंत्र होते.

या यंत्राची माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम एकन यांनी हॉपर यांच्यावर सोपवले. आपल्याला पुस्तक लिहिता येत नाही, ही सबब नौदलात चालणार नव्हती. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पुस्तिका ५६१ पानांची आहे. यंत्राचा भागन् भाग आणि त्याला सूचना कशा द्याव्यात याची पद्धत तीत आहे. संगणकाच्या इतिहासात हॉपर यांचा गौरव भाषेसाठी होतो, या कंटाळवाण्या पुस्तिकेसाठी क्वचितच. मार्क-१ यंत्र १९५९ मध्ये बंद झाले तरी त्याचे काम कसे चालत असे, हे आजही वाचून समजते. पुढच्या काळातील, अजून चालू असलेल्या कित्येक आज्ञावल्यांबाबत तसे म्हणता येत नाही.

मार्क-२ यंत्रात सप्टेंबर १९४७ मध्ये सापडलेल्या पतंगाची कथा बहुतेकांना ठाऊक असते. तो पतंग नोंदवहीत चिकटवण्यात आला. हॉपर ही कथा रंगवून सांगत, पण तो पकडणाऱ्या त्या नव्हेत.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. युनिव्हॅक संगणक तयार होत होता. त्या काळी प्रोग्रॅमर मंडळी तपासून घेतलेले सूचनांचे तुकडे वहीत जपून ठेवत आणि नव्या कामासाठी त्यांची नक्कल करत. नक्कल करताना अंक चुकत. हे काम यंत्राकडेच का देऊ नये, असा हॉपर यांचा विचार होता. १९५२ च्या सुमारास तयार झालेल्या ए-० प्रणालीत टेपवरील तुकड्याचा क्रमांक दिला की संगणक तो स्वतः शोधून जोडत असे. आजच्या अर्थाने तो पूर्ण कंपायलर नव्हता. तरीही एका आज्ञावलीने दुसरी आज्ञावली तयार करण्याचे ते पहिल्या काही पावलांतील एक पाऊल होते.

त्यांची पुढची मागणी अधिक धाडसी होती. हिशेबनीस आणि कोठारपाल यांना गणिती चिन्हे नको असतात. त्यांच्यासाठी साध्या इंग्रजी वाक्यांत सूचना लिहिता याव्यात, असे त्यांना वाटे. वरिष्ठांना ते अशक्य वाटले. हॉपर यांच्या गटाने फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही तोच कार्यक्रम चालवून दाखवला, तेव्हा वरिष्ठ अधिकच बिथरले. अखेर केवळ इंग्रजीची हमी देऊन काम पुढे सरकले आणि त्यातून फ्लो-मॅटिक भाषा आली.

मे १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने सर्व संगणकांवर चालणाऱ्या एकाच व्यावसायिक भाषेसाठी बैठक झाली. कोबोल ही समितीने घडवलेली भाषा आहे. हॉपर यांना तिची एकमेव जननी म्हणणे इतर अनेकांवर अन्याय करणारे ठरेल. त्या सल्लागार होत्या, मात्र समितीपुढचा मुख्य नमुना त्यांची फ्लो-मॅटिक हाच होता. समितीचा घोळ पाहून वैतागलेल्या एका सदस्याने कोबोलच्या नावाने चक्क थडग्याचा दगडच धाडून दिला होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालली आणि ही शंका मागे पडली.

इंग्रजी वाक्यांसारखी असल्याने कोबोलची आज्ञावली हेच तिचे टिपण, असा समज रूढ झाला. गफलत येथेच झाली. तासांना दराने गुणा, ही एक ओळ कोणालाही कळते. अशा पन्नास हजार ओळींतील कोणती ओळ कोणत्या ओळीवर विसंबून आहे, हे वाचून कळत नाही. नावे आखूड केलेली, एकाच माहितीला दोन ठिकाणी दोन नावे. ऑल्टर या आज्ञेने तर चालू असतानाच पुढचा रस्ता बदलता येई.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने हॉपर यांना निवृत्त केले आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. नौदलातील कोबोलमध्ये एकसूत्रता आणायची होती. त्या एकोणीस वर्षे राहिल्या. निरनिराळ्या कंपन्यांचे कोबोल कंपायलर प्रमाणभाषेला धरून आहेत की नाहीत, हे तपासणाऱ्या आज्ञावल्यांचा संच त्यांच्या गटाने तयार केला. व्याख्यानांत त्या सुमारे तीस सेंटिमीटरची तार दाखवत. प्रकाश एका नॅनोसेकंदात एवढेच अंतर जातो. १४ ऑगस्ट १९८६ रोजी रिअर अ‍ॅडमिरल पदावरून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे वय ७९ होते.

याच काळात कोबोलचा धागा महाराष्ट्रात पोहोचला होता. १९७४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने बरोज कंपनीच्या रुग्णालय हिशेबाच्या प्रणालीचे एका कोबोलमधून दुसऱ्या कोबोलमध्ये रूपांतर मुंबईत, आयसीएल १९०३ संगणकावर केले. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू झाले. आज्ञावल्यांचे विश्लेषण करणारी साधने हा तेथील संशोधनाचा एक मुख्य विषय ठरला.

अशा साधनाचा पहिला अर्धा भाग कंपायलरचाच असतो. ते प्रत्येक शब्द वाचते आणि वाक्याची रचना ओळखते. कंपायलर त्यापुढे यंत्रासाठी सूचना तयार करतो, तर हे साधन माणसासाठी तक्ते काढते. कोणता परिच्छेद कोणाला बोलावतो, खात्याची रक्कम कोणकोणत्या नावांनी कुठून कुठे जाते, कोणत्या ओळीपर्यंत कधीच पोहोचले जात नाही, हे त्यात दिसते. दोन आकडी वर्षामुळे उद्भवलेल्या २००० सालच्या समस्येत याच पद्धतीची कसोटी लागली. तारखेच्या रकान्याचे नाव तारीख असेलच असे नसते. त्यामुळे एका ज्ञात तारखेपासून तिचा प्रवास शोधत जावे लागे. मात्र एखाद्या खात्याला विशिष्ट दराने व्याज का दिले गेले, हे साधन सांगू शकत नाही. ते ज्याने लिहिले त्यालाच माहीत असते.

हॉपर यांनी ही धावपळ पाहिली नाही. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत बेकारी भत्त्याच्या अर्जांचा ढीग पडला आणि अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना, कित्येक दशके जुनी यंत्रणा सांभाळण्यासाठी, कोबोल जाणणाऱ्यांनी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे असे जाहीर आवाहन करावे लागले.